विश्वंभररावांची पंखवाली

झाशीच्या रेल्वे केबिनमध्ये एकतीस वर्षं सिग्नलचे लीव्हर ओढून विश्वंभर लघाटे १९९५ साली निवृत्त झाले आणि घरात बायकोच्या, अनुसूयाबाईंच्या, डोक्यावर बसले. डबे उंचीनुसार लावणं, दूधवाल्याची वेळ लिहून ठेवणं, असं सुरू झालं. चौथ्या महिन्यात बाई म्हणाल्या, "अहो, जरा बाहेर फिरून या ना. वाचनालय आहे, काही आहे."

ते निघाले वाचनालयाला, पण सीपरी बाजारात ऊन असह्य झालं, म्हणून पंखा दिसला त्या दुकानात शिरले. ते रामसेवकचं व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. एका मशीनवर झुंबड, कोपऱ्यातल्या दुसऱ्याला मात्र कुणी हातही लावत नव्हतं. त्यावर परदेशी कॉमिकमधले वीर एकमेकांना बडवत होते. वीज फेकणारा, दगडी अंगाचा, आणि पंख असलेली एक बाई.

"इसका डंडा बहुत कड़ा है, बाबूजी," रामसेवक म्हणाला. "किसी से हिलता नहीं. कानपुर वापस भेज रहे हैं."

कडक दांडी! विश्वंभररावांनी खिशातला रुमाल काढला, केबिनमधल्यासारखा दांडीवर गुंडाळला, पाय रोवले आणि दोन्ही हातांनी ओढली. अख्खं मशीन वीतभर पुढे सरकलं.

"बाबूजी, मशीन है, मालगाड़ी नहीं!"

पण हाताला ओळख पटली होती. महिनाभरात त्यांना पंखवालीचे सगळे डाव येऊ लागले. दांडी एकदा मागे, दोनदा खाली आणि लाल बटण, की ती गिरकी घेऊन लाथ मारायची. खेळातल्या शेवटच्या शत्रूला, लोखंडी राजाला, त्यांनी लोळवलं त्या दिवशी दुसऱ्या मशीनवरची गर्दीही इकडे वळली. रामसेवकने कानपूरचा विचार सोडला.

घरी मात्र ते रोज "वाचनालय" सांगत. अनुसूयाबाईंना संशय आला तो अंगठ्यावरच्या फोडामुळे. पुस्तकाने फोड कसा येईल? एका दुपारी त्या मागोमाग निघाल्या. दुकानाच्या दाराशी पोचल्या तर आतून नवऱ्याचा आवाज आला, "ऊठ गं राणी! घाबरू नकोस, मी आहे ना!"

बाई पदर खोचून आत घुसल्या. "कोण ही?"

विश्वंभरराव पांढरेफटक पडले. बोटाने पडदा दाखवला. तिथे पंखवाली पालथी पडली होती.

बाईंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "तुम्हीच पाडलीत तिला. सरका."

दुसऱ्या बाजूच्या दांडीशी त्या उभ्या राहिल्या. त्यांनी दगडी माणूस घेतला. कोणतं बटण कशाचं, हे विचारलंच नाही. मोगरीने कपडे बडवावेत तशी सगळी बटणं एकदम बडवली. तिसऱ्या फेरीत विश्वंभरराव चीत. दुकानात टाळ्या पडल्या, आणि ते स्वतः इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण ड्यूटीच्या पाळ्यांत दोघं मिळून काही खेळल्याचं त्यांना आठवेना.

पुढे दर बुधवारी जोडीने जाऊ लागले. शेजारच्या कमळाबाईंना एका सकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "काल मी पडलेली असताना तुम्ही लाथ का मारलीत?" त्या बिचाऱ्या घाबरून, चपला न घालताच, धावत आल्या. अनुसूयाबाईंनी त्यांना चहा पाजला, सगळं समजावलं आणि बुधवारी त्यांनाही बरोबर घेऊन गेल्या.