बुडाशी बोटभर

मी वडवणी सोडली त्या सकाळी बस माझी होती, पण आधी निघून गेले ते अण्णा, माझे वडील. स्टँडवर आई पिशव्यांची तोंडं बांधत होती आणि शेजारच्या शेतातून फोन आला की लाईट आली. उन्हाळी मिरचीला पाणी द्यायचं तर मोटर तेव्हाच सुरू करायला हवी. अण्णांनी माझ्या हातात वाळल्या मिरच्यांची पुरचुंडी कोंबली. "बी धर ह्यातलं. जातो माय, लाईट हाय तवर पानी हुईल," म्हणाले आणि गाडीला किक मारून गेलेसुद्धा. लेक परदेशी निघालीय आणि बापाला मिरची पडलीय. तो राग मला मस्कत येईपर्यंत पुरला.

इथं नवरा एसी दुरुस्तीच्या कामाला आहे. उन्हाळ्यात नळाला नुसतं कढत पाणी येतं. ते बादलीत निववायचं आणि मग झाडाला घालायचं. रंगाच्या रिकाम्या डब्यांत मी अण्णांची मिरची लावली, बाल्कनीच्या ग्रिलला जुनी साडी बांधून सावली केली. तरी फुलं आली की गळायची. व्हिडिओ कॉलवर मी रडकुंडीला आले तर अण्णा हसले. म्हणाले, झाड आधी स्वतःचा जीव राखतंय, ऊन उतरलं की पुन्हा फुलेल. तसंच व्हायचं दरवर्षी. माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांच्याही बाल्कनीत गावाकडचं असं एखादं हट्टी झाड असेलच.

यंदा अण्णा मिरचीच्या सरीतच कोसळले. ऊन लागलं होतं. मला कळलं तेव्हा बीडला सलाईन लावून ते घरी परतलेही होते. भर दुपारी उंबरा ओलांडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण विहिरीनं तळ गाठलाय आणि निदान एक ओळ तरी जगवायची म्हणून अण्णा बादली घेऊन निघतात. आईनं चपला लपवल्या, तर अनवाणी गेले. मी फोनवर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "तू तिथून काय करनार हाईस?"

खरंच, काय करणार होते मी? तिकिटाचं नाव काढलं की नवरा पगाराचा हिशोब मांडतो. एक गोष्ट तेवढी हाताशी होती. मिरचीबद्दल विचारलं की अण्णा बसून बोलतात. म्हणून आता तिकडे ऊन चढलं की मी फोन लावते आणि झाडाचं गाऱ्हाणं सांगते. पानं वळली, पानं झडली. ते बाजेवर बसतात, चष्मा मागवतात. मागून आई गुपचूप दार लोटून घेते.

या उन्हात माझं झाड मात्र खरोखरच वाळलं. नुसती काडी उरली. अण्णांना दाखवली तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, संपलं, आता उठतील. तर म्हणाले, "सालीला नख लाव. आत हिरवं आसलं तर जित्तं हाय."

शेंड्याला लावलं. तपकिरी.

"खाली बघ. जीव बुडाकडं जातो."

तेव्हापासून रोज दुपारी मी थोडं खाली नख लावते, रोज तपकिरीच निघतं आणि ते म्हणतात, "आजून खाली बघ, माय." ते काडीकडे बघतात, मी त्यांच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं असे बसून असतो. कुणी विचारलंच, तर माझं घर आता एवढंच आहे.

आज मातीजवळ पोचले. बुडाशी बोटभर जागा उरलीय. हिरवं आहे का, मला माहीत नाही. फोन बंद केल्यावर नख तिथपर्यंत नेलं आणि मागे घेतलं. उद्या दुपारी अण्णांना घरात बसवायला माझ्याकडे तेवढीच साल शिल्लक आहे.