पोर्तुगालचा जावई

ती घटना आठवली की आजही आधी मला स्वतःचाच राग येतो आणि मग मी थक्क होतो. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांची आहेत ते सगळे याच शहरात राहतात.

मी कोलकात्यातला मराठी माणूस. वडिलांची फोर्ट विल्यमच्या लष्करी छावणीत बदली झाली आणि आम्ही इथलेच होऊन बसलो. घरात मराठी, पोलीस ठाण्यात बंगाली आणि डोकं फिरलं की हिंदी, अशी माझी सगळी नोकरी गेली. शेवटची वर्षं सायबर ठाण्यात काढली. तिथे रुजू झालो तेव्हा मला माऊस धरता येत होता, एवढंच माझं भांडवल.

कोलकात्याजवळच्या बजबज गावातल्या काही बायका तागाच्या पिशव्या शिवून एका ऑनलाइन बाजारात विकत. एके दिवशी त्यांच्या दुकानात त्यांच्याच नावाने नकली घड्याळं आणि चार्जर दिसू लागले. गिऱ्हाइकांनी बोंब मारली आणि बाजारवाल्यांनी दुकानच बंद केलं. बायका ठाण्यात येऊन रडल्या. पाठोपाठ अशा तक्रारींची रीघ लागली. सगळ्यांत एक गोष्ट समान होती. माल चढवायला आणि ऑर्डरी उतरवून घ्यायला सगळे एकच फुकटचं डेस्कटॉप ॲप वापरत होते. दुकानाचा पासवर्ड त्यात भरला की बाकीचं काम ॲप करी.

अशात एक गृहस्थ स्वतःहून ठाण्यात आले. न्यू टाउनमध्ये ऑफिस, छोट्या विक्रेत्यांना ऑनलाइन दुकान थाटून द्यायचा धंदा. इस्त्रीचा शर्ट, मधाळ बोलणं. त्यांनी लेखी खबर दिली. हे ॲप आणि त्याच्या पोटातली 'लायब्ररी' एक मराठी बाई घरबसल्या बनवते, पासवर्ड तीच चोरते. बाईचं नाव, इमारत, फ्लॅट नंबर, सगळं टाइप केलेलं. एवढी नीटनेटकी खबर मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. मी खूश झालो. साहेबांची परवानगी घेतली आणि अटकेचा कागद भरून बॅगेत टाकला. फक्त वेळ आणि सही बाकी ठेवली.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपणच तिच्या घरी जावं लागतं. तांत्रिक शाखेची महिला कॉन्स्टेबल सोबत घेऊन सकाळी अकराला आम्ही दार वाजवलं. पन्नाशीच्या बाई. हाताला कणीक लागलेली. नवरा बँकेत अधिकारी, मुलगी कॉलेजात.

"ॲप तुम्ही बनवलंत?"

"हो," बाई म्हणाल्या. "बसा ना. हात धुऊन येते."

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या प्रोग्रामरना आयते वापरता येतील असे कोडचे सुटे भाग. ते उघड्यावर ठेवलेले असतात. कुणीही वाचावेत, घ्यावेत, सुधारावेत. बाईंनी लिहिलेले भाग देशोदेशीचे लोक वापरत होते आणि त्याच भागांवर त्यांनी विक्रेत्यांसाठी ते ॲप उभं केलं होतं. तिथे त्यांनी खरं नावही लावलं नव्हतं, 'दगडफूल' म्हणून वावरायच्या.

"पैसे किती मिळतात?"

"काही नाही."

"मग करता कशाला?"

"दर तीन वर्षांनी यांची बदली. मला कुठली कंपनी ठेवून घेणार? घरी बसून हे सुरू केलं. चार लोकांचं चालतंय त्यावर, बरं वाटतं."

फुकट काम करणारा माणूस दिसला की पोलिसाला आधी संशय येतो. मी आवाज चढवला. बजबजच्या बायकांचं सांगितलं, बॅगेतला कागद काढून टेबलावर ठेवला. मुलगी रडकुंडीला आली. "काका, आईने काही नाही केलं! ती फक्त कोड लिहिते!" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्यांनी मुलीला बाजूला बसवलं.

"अटक करा साहेब. पण आधी अर्धा तास द्या. ॲपची फाईल अजून नेटवर तशीच आहे. आत्तासुद्धा कुणीतरी उतरवून घेत असेल."

संशयिताला संगणकाला हात लावू देणं म्हणजे पुराव्याची वाट लावणं. हे शिकाऊ फौजदारालाही ठाऊक असतं. तरी त्या बाईंना स्वतःच्या अटकेपेक्षा अनोळखी दुकानदारांची काळजी जास्त होती, हे काही माझ्या डोक्यातून जाईना. आधी त्यांचा लॅपटॉप जप्त केला. आपल्याकडे ज्याला पंचनामा म्हणतात त्याला इकडे सीझर लिस्ट म्हणतात. तीत डिस्कचा हॅश नंबर, म्हणजे तिच्या बोटाचा ठसाच म्हणा, लिहून घेतला. मग कॉन्स्टेबलला व्हिडिओ चालू करायला सांगितलं आणि मुलीचा लॅपटॉप बाईंपुढे सरकवला.

त्यांनी फाईल हटवली आणि 'ॲप वापरू नका, जुन्या फायली तपासायला मदत करा' असं दोन ओळींचं जाहीर आवाहन टाकलं. मग मला म्हणाल्या, "आत्ता माझ्या डिस्कचा ठसा घेतलात ना, तसाच बजबजच्या संगणकावरच्या फाईलचा घ्या. आमच्या उघड्या कोडपासून बनवलेल्या फाईलशी जुळतो का बघा."

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ब्राझीलमधून एकाने उत्तर दिलं, पोलंडमधून दुसऱ्याने, नागपूरहून तिसऱ्याने. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, कुणाला छदाम मिळणार नाही. एकेक जण एकेक जुनी आवृत्ती वाटून घेत होता आणि ठसा तपासून सांगत होता. आमचा कागद एका ठाण्यातून शेजारच्या ठाण्यात जायला चार दिवस लागतात हो! मी चहा तसाच हातात धरून बघत बसलो. वाटलं, माणसं अशीही असतात आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

निकाल लागला. उघडा कोड स्वच्छ होता. पण शेवटच्या तीन आवृत्त्यांच्या तयार फायलींत कोडात नसलेलं काहीतरी घुसवलेलं होतं. मी फोन करून मागवलेला बजबजचा ठसाही त्यातल्याच एकीशी जुळला. त्या तिन्ही फायली बाईंनी नव्हे, त्यांच्या एका मदतनिसाने तयार करून चढवल्या होत्या. तो पोर्तुगालात राहतो असं सांगायचा.

"फाईल चढवायची किल्ली त्याला कुणी दिली?"

"मीच. दोन वर्षं इतकं चोख काम केलं त्याने."

"चेहरा पाहिलाय? आवाज ऐकलाय?"

"काम पाहिलंय ना."

मी कपाळाला हात लावला. पण ही त्यांची रीतच. काम चांगलं तर माणूस आपला. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होणार नाही.

बाईंनी त्याच्या कामाची नोंद उघडली. कुणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली, सगळं तारीखवार. गुपचूप खाडाखोड केली तर साऱ्यांना दिसते. इतकी सच्ची स्टेशन डायरी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. डायरी वाचणं मात्र माझं काम. गडी रविवारीही कामाला हजर. ख्रिसमसलाही हजर! गैरहजर कधी, तर शरदात सलग पाच दिवस, दोन्ही वर्षी वेगळ्या तारखांना, म्हणजे दुर्गापूजा. मग सरस्वती पूजा. आणि उन्हाळ्यात एकच सुटा दिवस, तोही दोन्ही वर्षी वेगळा. कॉन्स्टेबलने मोबाईलवर पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, उघडली आणि एकदम हसली. "स्यार, जामाईषष्ठी!"

सासूने जावयाला बोलावून चिंगडी-इलिशसारखे मासे आणि आंबे खाऊ घालायचा हा इथला दिवस. "बाई," मी म्हटलं, "पोर्तुगालात जामाईषष्ठी कधीपासून पाळतात हो?"

म्हणजे माणूस बंगाली, लग्न झालेला आणि सासू हयात. इतकं वर्णन मला डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदारांनी दिलं नव्हतं.

"दगडफूल म्हणजे तुम्हीच, हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"घराबाहेर कुणालाच नाही." मग त्या थबकल्या. "त्याला आहे. दिवाळीत शुभेच्छापत्र पाठवायचं म्हणून त्याने नाव-पत्ता मागून घेतला होता."

"आलं पत्र?"

"नाही."

 पत्र आलं होतं, पण माझ्याकडे! बॅगेतली ती टाइप केलेली खबर मी पुन्हा वाचली. नाव, इमारत, फ्लॅट नंबर. ही माहिती ज्याला असूच शकत नव्हती, तो मला ती देऊन गेला होता. मी त्याला साधं एवढंही विचारलं नव्हतं की बाबा रे, तुला कुठून कळलं?

दुपारीच आम्ही न्यू टाउनला त्या गृहस्थाच्या ऑफिसात गेलो. मी म्हटलं, "यंदा सासूबाईंनी चिंगडी केली होती की इलिश?" तो मोकळेपणाने हसला. मग दोन वर्षांच्या नोंदी पुढे ठेवल्या आणि हसू मावळलं. फायली चढवायची किल्ली त्याच्याच लॅपटॉपमध्ये सापडली. बाई आत गेल्या की सगळं ॲप त्याच्या हाती येणार होतं.

संध्याकाळी बाईंना सांगायला गेलो. त्या जाहीर निवेदन लिहीत होत्या. खाली पहिल्यांदाच स्वतःचं खरं नाव घातलं होतं आणि वर लिहिलं होतं, 'चूक माझी आहे. किल्ली मी दिली होती.'

"अहो, एका भामट्याने फसवलं असं लिहा की! तुमची कसली चूक?"

"बजबजच्या बायकांनी भरवसा माझ्यावर टाकला होता, साहेब. त्याला तर त्या ओळखतही नव्हत्या."

निवेदन गेलं. खाली त्या लांबलांबच्या लोकांची उत्तरं येत राहिली. कुणी बोल लावला नाही. नवी किल्ली कुणी एकट्याने नाही, दोघांनी मिळूनच वापरायची, असं तिथल्या तिथे ठरलं. आठवड्याभरात पिशव्यांचं दुकानही पुन्हा उघडलं.

मी ठाण्यात परतलो आणि केस डायरी पुढे ओढली. लिहिलं, 'खबर देणाऱ्याची शहानिशा न करता मी निरपराध महिलेच्या अटकेचा कागद तयार केला.' साहेबांनी वाचलं. "हे वाक्य काढा. निवृत्तीला आलात, कशाला नसती आफत?"

"राहू द्या, सर," मी म्हटलं.

बाईंना ते लिहायला पाच मिनिटं लागली होती. मला नोकरीची तेहतीस वर्षं लागली.