इस्नागा की बाकायाओ

साखर कारखाना बंद पडला तेव्हा विल्दो घरी बसला, पण गप्प बसला नाही. तीस वर्षं वेल्डिंग केलेला हा माणूस रोज सकाळी पालमिरा गावच्या बागेत यायचा, झाडाखालच्या बाकावर ऐसपैस बसायचा आणि बेसबॉलवरून भांडायचा. तिथे जमणाऱ्या म्हाताऱ्यांचा हाच उद्योग होता. त्यातला जुना, कधीच न मिटलेला वाद म्हणजे आपल्या प्रांतात पहिल्या बेसवर उभा राहिलेला सगळ्यांत थोर खेळाडू कोण?

विल्दोचं उत्तर ठरलेलं, बाकायाओ. त्याने टोलवलेला चेंडू कुंपणापलीकडच्या उसात जाऊन पडायचा. निकानोरचं उत्तरही तितकंच ठरलेलं, इस्नागा. इस्नागा फारसं मारायचा नाही, पण संघातल्या कुणी कसाही वेडावाकडा चेंडू त्याच्याकडे फेकला तरी तो मातीतून उचलायचा. "बाकीच्यांच्या चुका पोटात घालायचा तो," निकानोर म्हणायचा. उंच, किडकिडीत, हळू आवाजात बोलणारा हा निवृत्त बसचालक विल्दोचा लहानपणापासूनचा मित्र. कारखान्याच्या संघात पहिल्या बेसवर तो स्वतः खेळलेला.

त्या दिवशी निकानोर रंगात आला होता.

"बाकायाओ मारायचा, कबूल," तो म्हणाला. "पण त्याच्या ग्लोव्हला भोक होतं. ते बुजवायला आमच्या विल्दोलाच न्यायचे, वेल्डिंगचं सामान घेऊन."

सगळे खो खो हसले. आदालबेर्तो न्हावी तर बाकावरून खाली पडायचा राहिला. विल्दोचे कान तापले. जे तोंडाशी आलं ते तो बोलून गेला.

"तू नको शिकवूस मला पहिला बेस. प्रांताच्या संघाच्या निवडीत तुला वगळलं, तेव्हा प्रशिक्षकाचे पाय धरून लहान पोरासारखा रडत होतास. गुडघे टेकून. मी दारातून पाहिलंय."

पुन्हा हशा झाला, पण अर्ध्यातच विझला. निकानोरने टोपी डोक्यावर ठेवली. "बरं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

"हे खरं होतं का रे?" आदालबेर्तोने विचारलं. विल्दोने मान हलवली. खरं होतं, म्हणून तर जास्तच वाईट होतं. त्या दिवसाबद्दल दोघांनी आयुष्यात कधी चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निकानोर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटल्यावर विल्दो त्याच्या घरी गेला. दार निकानोरच्या बायकोने, नेरेइदाने उघडलं. एरवी ती आधी कॉफी विचारायची. आज तिने नुसतं मागच्या अंगणाकडे बोट केलं.

"न्हाव्याच्या बायकोकडून कळलं मला," ती म्हणाली. "एवढी वर्षं संसार केला, मला नव्हतं माहीत. आता दुकानाच्या रांगेत बायका विचारतात."

विल्दोला तिच्याकडे पाहवेना.

निकानोर अंगणात युकाचे कंद सोलत बसला होता. विल्दो समोर उभा राहिला. वाटेत जुळवून आणलेलं सगळं भाषण त्याने बाजूला ठेवलं.

"चुकलो मी, गड्या."

"हो, चुकलास." निकानोरचा सुरा थांबला नाही. "तू दारातून पाहिलंस. मग काय केलंस?"

"निघून गेलो. मला तिथे उभं राहवेना."

"म्हणजे अर्धंच पाहिलंस. मला काखेत हात घालून उठवलं ते इस्नागाने. माझी जागा त्यालाच मिळाली होती. तोंड धुवायला लावलं, स्टँडपर्यंत सोबत आला, बस येईपर्यंत थांबला. एक शब्द कुणाला बोलला नाही, मरेपर्यंत." त्याने युका पाण्यात टाकला. "आणि तू मला विचारतोस, इस्नागा थोर कसा."

एवढी वर्षं विल्दो या माणसाच्या इस्नागाची टर उडवत आला होता.

"मी उद्या बागेत सांगतो सगळ्यांना, हेही सांगतो."

"नको," निकानोर म्हणाला. "माझ्या वतीने तू आता काहीच सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी विल्दो बागेत उभा राहिला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी बोललो ते बोलायला नको होतं. ती गोष्ट माझी नव्हती." कुणालाच कुठे पाहावं कळेना. कुणीतरी घसा खाकरला, आदालबेर्तोने पावसाचा विषय काढला.

महिन्याभराने निकानोर परत आला. विल्दोच्या शेजारी न बसता पलीकडच्या टोकाला बसला. चेंडू फेकणाऱ्या पिचरांवर बोलला, पंचांना शिव्या दिल्या, हसलाही. मग नेहमीप्रमाणे पहिल्या बेसचा विषय निघाला.

"इस्नागा," विल्दो घाईघाईने म्हणाला. "दुसरा कोण? इस्नागाच."

सगळे निकानोरकडे बघू लागले. तो रस्त्याकडे पाहत होता.

"असेल," तो म्हणाला. "तुम्ही बोला."

वाद तिथेच संपला. एवढी वर्षं कुणीच न जिंकलेला वाद असा एका शब्दात मिटला, आणि विल्दो मान खाली घालून चपलेने माती उकरत बसला. त्यानंतर बागेत पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.