गाईच्या रक्ताचा तक्ता

अर्लीन गॅस्किन्स बाल्टिमोरच्या एका शाळेत स्वयंपाक करायची. जन्मापासून सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकण्याचा आजार. दुखणं उठलं की भिंत धरून उभी राहायची, ओसरलं की पुन्हा मक्याचा पाव भाजायला लागायची. तिच्याबद्दल लिहिता येणाऱ्या कुणीतरी लिहायला हवं होतं. पण तिला एमआरआयच्या यंत्रात झोपवायचं काम माझं होतं, म्हणून मीच लिहितो.

मेंदूतून परतणाऱ्या रक्तात ऑक्सिजन किती उरला, हे आम्ही सुई न टोचता मोजायचो. पद्धती दोन. पहिलीत रक्ताचा संकेत किती लवकर विझतो ते पाहायचं; ऑक्सिजन कमी तितका तो लवकर विझतो. मग आधीच बनवलेल्या तक्त्यावरून ऑक्सिजनचा आकडा काढायचा. दुसरीत शिरेतलं रक्त भोवतीचं चुंबकीय क्षेत्र किती बिघडवतं ते पाहायचं. तिथे तक्ता लागत नाही.

त्या सकाळी पहिलीने सांगितलं, ऑक्सिजन फारच कमी. दुसरीने सांगितलं, ठीक आहे.

डॉक्टर कॅमिल ड्रेटन दोन्ही आकडे ताडून पाहू लागल्या. पहिली खरी असेल तर अर्लीनला पक्षाघात कधीही होईल, रक्त आत्ताच द्यायला हवं. पण मागच्या खेपेला परकं रक्त तिच्या अंगावर उलटलं होतं, मरता मरता वाचली होती.

"वॉर्डेल, ती हलली होती का?"

"नाही, डॉक्टर."

पुन्हा मोजलं. तेच. त्यांनी रक्ताची पिशवी मागवली.

यंत्राच्या आतून आवाज आला, "वॉर्डेल, मला इथे ठेवून जेवायला गेलास काय रे?"

"आलोच, बाई."

"आवाज का असा? मेले की काय मी?"

तिला बाहेर काढून बसवलं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही.

"पिशवी आली का?" तिने विचारलं. तिचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. "मागच्या वेळी बहिणीने माझ्या अंत्यविधीची गाणीसुद्धा ठरवली होती, पोरी."

डॉक्टर तक्त्याकडे बघत होत्या. "वॉर्डेल, हा तक्ता आपण कुठल्या रक्तावरून बनवला?"

"नेहमीच्याच. गाईच्या."

कत्तलखान्यातून सहज मिळायचं. ते कोमट ठेवून, ऑक्सिजन ठरवून, नळ्यांत भरून चुंबकात ठेवायचो आणि संकेत किती लवकर विझतो ते तक्त्यात मांडायचो. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"गाईच्या?" अर्लीन म्हणाली. "इतकी वर्षं पोट आत ओढून झोपतेय तुमच्यासमोर, आणि तुम्ही मला गाय समजता!"

हसली ती एकटीच. मग बाही वर केली. "घे. माझंच माप घे."

पिशवी येऊन बाजूला पडून राहिली. नळीतल्या तिच्या रक्तात ऑक्सिजन गाईच्या रक्ताइतकाच ठेवला, तरी त्याचा संकेत कितीतरी लवकर विझला. तिच्या रक्ताच्या मापाने हिशेब केला तेव्हा पहिला आकडा वर सरकून दुसऱ्याजवळ आला.

डॉक्टरांनी पिशवी परत पाठवली. "एका माणसावरून तक्ता होत नाही, बाई. माझं चुकलं असेल तर? वॉर्डातच राहा, माझ्या डोळ्यांसमोर."

ती राहिली. तिथल्या सूपला नावं ठेवत राहिली. पक्षाघाताचा झटका आला नाही, आणि पुढच्या आठवड्यात ती शाळेत कामावर होती.

मग तिच्या चर्चमधले याच दुखण्याचे लोक ती नव्या तक्त्यासाठी रक्त द्यायला आमच्याकडे आणू लागली. दारातूनच ओरडायची, "वॉर्डेल, नळ्या काढ. गाईला सुट्टी दे!"