जिजाबाईचा साक्षीदार

टायगर हे नाव त्या कुत्र्याला शालिकरामने दिलं होतं, आणि हंसापुरीतली सारी गल्ली त्यावर हसायची. कारण मांजर आलं तरी टायगर खाटेखाली. शालिकराम गिरणीत कामाला. माणूस अबोल, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर पुष्कळ. अडुसष्ट साली एका संध्याकाळी कामावरून येताना त्याने हे पिल्लू सदऱ्यात गुंडाळून आणलं. बायकोला विचारलं नाही. जिजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पिल्लू राहिलं.

वर्षभराने पितृपक्षात सासऱ्याची तिथी आली. जिजाबाईने पहाटेपासून राबून वडे केले, खीर केली, कावळ्यासाठी पान वाढून अंगणात ठेवलं. ती पाणी आणायला आत वळली तेवढ्यात टायगरने पान चाटून पुसून साफ केलं. पितर उपाशी राहिले आणि कुत्रं ढेकर देऊन बसलं. मग जिजाबाईचं तोंड सुटलं. शेवटी ती म्हणाली, "याले कुठं तरी सोडून या. नाही तर तुमीही येऊ नका."

शालिकरामने चपला घातल्या, टायगरच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो गेला. एकटाच गेला. कुत्र्याला नेलं नाही.

दोन वाटा तिनेच दाखवल्या होत्या, त्याने दुसरी धरली. हे जिजाबाईला कळायला रात्र उलटावी लागली. मग पोलीस चौकी झाली, रामटेक झालं, वर्ध्याचे नातेवाईक झाले. कोणी म्हणालं, भुसावळच्या फलाटावर दिसला. कोणी म्हणालं, साधू झाला. ज्याच्या तोंडाला जे आलं ते तो बोलला. जिजाबाई इतवारीत धान्याच्या दुकानात डाळ निवडायला जाऊ लागली आणि स्वतः अर्धपोटी राहून टायगरला भाकर घालू लागली. कुत्र्याचे लाड करते म्हणून बाया तोंडावर पदर घेऊन हसायच्या. हसोत बापड्या. नवरा घरातून निघाला तेव्हा त्याने शेवटचा हात ज्याला लावला, त्याला ती कशी हाकलणार होती? आणि तो परत येईल तेव्हा, कुत्रं ठेवलं मी, एवढं तरी तिला सांगता येणार होतं. त्या एका वाक्यासाठी तिने अकरा वर्षं काढली.

एक्याऐंशीच्या उन्हाळ्यात टायगरचं काही तरी बिनसलं.

तो भर दुपारी झोपेतून उठायचा, दाराशी जाऊन उभा राहायचा आणि शेपूट हलवायचा. दार बंद. बाहेर चिटपाखरू नाही. तरी शेपूट हालतंय आणि घशातून बारीक, लाडिक आवाज निघतोय, जसा तो पूर्वी शालिकराम पाळीवरून आला की काढायचा. कधी भिंतीकडे तोंड करून तासभर बसायचा आणि भिंतीवर कोणी चालत असावं तशी हळूहळू मान फिरवायचा. घरात घाण न करणारं जनावर, आता चुलीपाशी मुतू लागलं. जिजाबाईच्या अंगावर काटा यायचा, पण त्या काट्यात आनंद होता हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने शेजारच्या यमुताईला सांगून टाकलं, "त्याले चाहूल लागली, ताई. हे जवळपास कुठं तरी आले आहेत."

यमुताई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "अवं जिजा, कुत्र्याले जितं माणूस भिंतीवर दिसते काय? त्याईले गेलेलं माणूस दिसते. तूच सांगून राहिली न, तो तिथं आहे म्हणून?"

जिजाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. गल्लीत उभ्या जन्मात कोणी तिला असं बोललं नव्हतं, आणि यमुताईच्या मनात पाप नव्हतं, हे तर आणखी वाईट.

ही गोष्ट दिरापर्यंत पोचायला किती वेळ लागणार? चंपतराव शालिकरामचा धाकटा भाऊ, खापरखेड्याला वसाहतीत राहायचा. बोलायला लागला की समोरच्याला श्वास घ्यायला सवड नाही, पण मनाने हलका माणूस नव्हे. तो येऊन खाटेवर बसला. "वयनी, पितृपक्षात बारा वर्षं पुरी होतात. भटजीनं सांगतलं, पळसाच्या पानाचा पुतळा करून अग्नी द्या. दादा तसाच फिरून राहिला असंन गा देवा, ना इकडचा ना तिकडचा. आता तं कुत्र्यालेही दिसून राहिला. तुमी काहून अडून बसल्या?"

"मी पुतळा जाळू देणार नाही," जिजाबाई म्हणाली. कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू तसंच लाल होतं. "आधी मी टायगरले डॉक्टरले दाखवतो."

तिने टायगरला चादरीत घेतलं आणि रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा. त्याने टायगरच्या डोळ्यांत बॅटरी मारली, कानाशी टाळ्या वाजवल्या. टायगर ढिम्म.

"बाई, हा दाराशी उभा राहतो म्हणता. कोणत्या बाजूला? कडी आहे तिकडे की बिजागरी आहे तिकडे?"

जिजाबाईने आठवून पाहिलं. "बिजागरीकडे."

"मग झालं तर. दार कुठून उघडतं तेच विसरलाय तो. त्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही. म्हातारपण मेंदूत शिरलंय. कोणी येत नाही, बाई. त्याला कोणीही दिसत नाही."

पोराने चांगुलपणाने सांगितलं. परत येताना रिक्षात जिजाबाईच्या मांडीवर टायगर थरथरत होता आणि ती हिशेब जुळवत होती. यमुताईचं खरं धरलं, तर शालिकराम मेला. डॉक्टरचं खरं धरलं, तर कोणी आलंच नव्हतं. कुठूनही मोजा, जिता शालिकराम निघत नव्हता. घरी तिने टायगरला खाली ठेवलं, भाकर कुस्करून पुढे केली, तर तो दात विचकून तिच्यावर गुरगुरला. तेरा वर्षांत पहिल्यांदा. ती त्याला परकी झाली होती. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि सकाळी तिने चंपतरावला निरोप धाडला, "करा."

पितृपक्षातल्या एका दुपारी कन्हान नदीच्या काठी पुतळा मांडला. पळसाची पानं, काड्या, डोक्याच्या जागी नारळ. अंगात शालिकरामचा सदरा, जिजाबाईनेच पेटीतून काढून दिलेला. बाया घाटावर येत नाहीत, पण ती हट्टाने आली होती आणि टायगरला कडेवर घेऊन आली होती. हा काय तमाशा, असं चार माणसं कुजबुजली. तिने लक्ष दिलं नाही. तिने टायगरला पुतळ्याशी सोडलं. डोळे गेले, कान गेले, नाक तर आहे, असं तिच्या मनात होतं. 

टायगरने सदऱ्याची बाही हुंगली. गळा हुंगला. मग दगडाला वळसा घालावा तसा तो पुतळ्याला वळसा घालून पुढे गेला.

त्याला वास आठवला नाही, का त्याच्या लेखी हा शालिकराम नव्हेच? कोणाला विचारणार! चंपतरावने अग्नी दिला. वाळली पानं भडाभडा पेटली. माणसं हात जोडून उभी राहिली. आणि तिकडे थोड्या अंतरावर टायगर आगीकडे पाठ करून, गावाकडून घाटावर येणाऱ्या वाटेकडे तोंड करून बसला, आणि शेपूट हलवू लागला. घशातून तोच बारीक आवाज.

जिजाबाईने वाटेकडे पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं. धूळ होती आणि दुपारचं ऊन होतं.

"वयनी, पाया पडा," चंपतराव म्हणाला. पुन्हा म्हणाला. ती वळली नाही. सदरा जळल्याचा वास आला तरी वळली नाही. ती जिवाच्या आकांताने वाटेवर नजर लावून उभी होती, आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच मनातून विनवत होती की येऊ नका, आत्ता येऊ नका. कारण तो आलाच, तर त्याला दिसलं असतं ते हे: आपल्याच नावाची आग, आणि ती लावायला हो म्हणालेली आपली बायको.