रस्त्यापलीकडची अर्डिस

अर्डिस स्कोगेन गाढववाली आणि तिच्या समोर राहणारा व्हर्लिन हॉफ्ट हत्तीवाला. विस्कॉन्सिनच्या त्या दूधदुभत्याच्या गावात पक्षांची नावं कोणी घेत नसे, निशाणीवरूनच माणूस ओळखत. दोघांच्या घरांमध्ये एक डांबरी रस्ता आणि एकतीस वर्षांचं भांडण. भांडण म्हणजे काय, तर ही आपल्या अंगणातून ओरडायची, "व्हर्लिन, तुझा तो उमेदवार खोटारडा आहे!" आणि तो गोठ्यातून ओरडायचा, "तुझा तर मुका आहे, त्याला खोटंसुद्धा बोलता येत नाही!" मग संध्याकाळी तिच्याच स्वयंपाकघरात बसून तिनेच केलेला रुबार्ब-पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, मिटक्या मारत खायचा. बेशरमच तो!

मतदानाच्या दिवशी मात्र जायचं एकत्र. अर्डिस गावच्या मतदान केंद्राची प्रमुख, तिला सकाळी सहाला हजर राहावं लागे, आणि नोव्हेंबरच्या थंडीत तिची गाडी चालू होईल याची खात्री तिला स्वतःलाही नव्हती. व्हर्लिन आपला ट्रक दारात आणून भोंगा वाजवायचा. "चल गं, तुझं मत खोडून येऊ." "आधी मी तुझं खोडते," ती म्हणायची. तिचं एक, त्याचं एक, हिशेब शून्य.

ती प्रमुख होण्याआधी एका वर्षी गुडघाभर बर्फ पडला. दोघांनी फोनवर ठरवलं की, नाहीतरी मतं एकमेकांना खाणार, तर घरीच बसू. शपथाबिपथा झाल्या. आणि दुपारी दोन वाजता टाऊन हॉलच्या दारात दोघं समोरासमोर! एकाच्या टोपीवर बर्फ, दुसरीच्या बुटांत बर्फ. "लबाड!" "तू महालबाड!" गावाला हा किस्सा अजून पुरतो.

हसण्यावारी नेण्यासारखं ते मत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. तिथला आमदार एकदा एकोणीस मतांनी निवडून आला होता. त्यामुळे दोन्ही उमेदवार दारोदार फिरत, अर्डिसचा रुबार्ब-पाय खात आणि घास तोंडात असताना ओढ्यावरची मोरी दुरुस्त करण्याचं कबूल करत. मोरी झालीसुद्धा. व्हर्लिनने आपल्या हत्तीवाल्याला दुधाच्या भावावरून एवढं झापलं होतं की, तो पुढच्या वेळी दार वाजवण्याआधी खिडकीतून बघायचा.

मग जनगणना झाली आणि राजधानीत सत्तेवरच्यांनी मतदारसंघांचा नवा नकाशा काढला. रेघ आली ती नेमकी या दोघांच्या रस्त्याच्या मधून. अर्डिसची बाजू चाळीस मैलांवरच्या विद्यापीठाच्या शहराला जोडली. तिथे सगळे गाढववाले. नकाशावर तो मतदारसंघ भिंतीवर चिरडलेल्या पालीसारखा दिसत होता आणि अर्डिस त्या पालीच्या शेपटीला. व्हर्लिनच्या बाजूला हत्तीवाल्यांचा सुकाळ.

अर्डिस चिडली, नुसती चिडली नाही, कपाळाला आठ्या घालून राजधानीला सुनावणीला गेली. ट्रक व्हर्लिनचाच. तिला बोलायला दोन मिनिटं मिळाली. समितीतला एक गृहस्थ गोड हसून म्हणाला, "बाई, दोन्हीकडे लोकसंख्या अगदी सारखी आहे."

"माणसं सारखी आहेत हो," अर्डिस म्हणाली, "चुरस कुठे गेली?"

परतताना व्हर्लिनला गुदगुल्या होत होत्या. "अगं, सुबक रेघ आहे. तुझे तुला, माझे मला. आता तू पण जिंकणार, मी पण जिंकणार. रडतेस कशाला?"

"माझं मत आता खोडणार कोण, मेल्या?"

निवडणूक आली. तिच्या मतपत्रिकेवर आमदारकीसाठी एकच नाव, त्याच्याही एकच. विरोधात उभं राहून पैसे कोण घालवणार? त्या सबंध हंगामात रस्त्याच्या कुठल्याच बाजूला कोणी फिरकलं नाही. अर्डिसने दोन रुबार्ब-पाय केले, दोन्ही तिला आणि व्हर्लिनलाच संपवावे लागले. व्हर्लिनने दुधाच्या भावासाठी आमदाराला सहा फोन केले. एकाचंही उत्तर नाही. सहाव्या फोननंतर तो सुबक रेघेबद्दल बोलेनासा झाला.

मतदान संपल्यावर यंत्राने मोजणी केली. तिकडे छापलेलं नाव पसंत नसेल तर मतदार हाताने दुसरं नाव लिहू शकतो; अशा मतपत्रिका तेवढ्या बाजूला निघाल्या. त्या अर्डिसची मदतनीस जॉयस मोठ्याने वाचायची आणि अर्डिस नोंदवायची. उमेदवार म्हणून नोंद न केलेलं नाव कोणाचंही असो, ते 'किरकोळ' या रकान्यात जातं. व्हर्लिनच्या बाजूच्या मतपत्रिकांत कोणी आपल्या कुत्र्याचं नाव लिहिलं होतं, कोणी फुटबॉलच्या प्रशिक्षकाचं. जॉयस हसून हसून लाल झाली होती. मग ती एकदम थांबली.

"वाच ना," अर्डिस म्हणाली.

"अर्डिस स्कोगेन," जॉयसने वाचलं. "कंसात, 'रस्त्यापलीकडची'."

व्हर्लिनच्या गोठ्याच्या पाटीवर असतात तशी ती मोठी, तिरपी अक्षरं अर्डिसने एकतीस वर्षं पाहिली होती. तिला रडूच आलं, तिने ते खोकल्यावर ढकललं. या बाईने आजवर कोणाचं एक मत इकडचं तिकडे केलं नव्हतं. ती त्या मतदारसंघात राहत नव्हती, वीस पावलांनी राहत नव्हती.

"कुठे लिहायचं?" जॉयसने हळूच विचारलं.

"किरकोळमध्ये," अर्डिस म्हणाली आणि तिने स्वतःच्या हाताने कुत्र्याच्या खाली एक रेघ ओढली.

बाहेर व्हर्लिन ट्रक तापवत बसला होता. "कोण जिंकलं?"

"तुझ्याकडे हत्ती, माझ्याकडे गाढव." ती दार लावून घेत म्हणाली. "आणि कोणा मूर्खाने एक मत वाया घालवलं."

"घालवलं असेल," तो समोर बघत म्हणाला. "मोजलंस का पण?"

"मोजलं. तो कुत्रा आणि मी बरोबरीत आहोत."

व्हर्लिन खो खो हसला. अर्डिसही हसली. घराशी आल्यावर त्याने नेहमीसारखा तिच्या अंगणात ट्रक वळवला नाही, रस्त्याच्या मधोमध थांबवला.

"एकतीस वर्षं तुझ्याविरुद्ध मत दिलं," तो म्हणाला, "तेव्हा दर वेळी हिशेबात धरलं त्यांनी. पहिल्यांदा तुला दिलं, तर वाया."