सिंह आणि पट्टा

जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसायचे. सेफ्टी खात्यातले, मूळचे पुण्याचे. नाव विचारायचं राहूनच गेलं. आम्ही एकमेकांना 'अहो' म्हणूनच भागवलं. बसल्याबरोबर ते आधी स्वतःचा सीटचा पट्टा लावायचे, मग माझ्या पट्ट्याकडे बघायचे. मी लावेपर्यंत बोलायचे नाहीत.

त्या वर्षी त्यांनी बायकोला केनियाची सफारी कबूल केली होती. "लग्न झाल्यापासून तिला मोकळा सिंह बघायचाय," ते म्हणाले. "इथल्या झूमधला चालत नाही." मग रोज सकाळी मला तयारीचा अहवाल मिळू लागला. टूरवाल्याला त्यांनी फोन करून विचारलं होतं, की त्या गवताळ रानात काही घडलंच तर सगळ्यांनी जमायचं कुठे? तो म्हणाला, "जीपमध्येच बसून राहायचं, सर." हे उत्तर त्यांना आठवडाभर पचलं नाही. सिंहाला वास जाईल म्हणून लसणाची चटणी रद्द झाली, चिवडा तेवढा पास झाला.

परत आले तेव्हा चेहरा चांगलाच रापला होता. मी विचारलं, "दिसला का सिंह?"

"हिला दिसला. अगदी जीपला घासून गेला म्हणे."

"आणि तुम्हाला?"

"अहो, ड्रायव्हरने पट्टा लावला नव्हता," ते शांतपणे म्हणाले. "मी त्याच्याकडे बघत होतो."

मला हसू आलं, पण हसण्याआधी मी माझा पट्टा चाचपून पाहिला.